चव्वेचाळीस इंच

लव्हिनाचा फोन आला तेव्हा मक्याची कापणी संपत आलेली.
म्हणाली, लुमिर, टेप घेऊन ये,
नवा ट्रक फारच उंच निघाला.

नेब्रास्कात सपाट जमीन म्हणजे
हवी तेवढी, असं वाटतं लोकांना. शोधून पाहा.
धान्याच्या कोठाराबाहेरचा सिमेंटचा ओटा तेवढा
पाणसळीचा बुडबुडा मधोमध धरतो.
तिथेच आणला ट्रेलर, तिथेच ट्रक.

आधी जोडून पाहिलं.
ट्रेलरने नाक वर केलं,
जत्रेत दुसरं बक्षीस मिळालेल्या कालवडीसारखं.
मागची चाकं दबली, पुढची नुसती सोबतीला.
असाच नेला तर ॲरिझोना यायच्या आत
मागचा टायर फुटणार,
हे सांगायला वेल्डर कशाला हवा.

सोडवलं. ट्रेलर पाणसळीत घेतला.
जमिनीपासून किंगपिनच्या पत्र्यापर्यंत: चव्वेचाळीस.
ट्रकमधल्या हिचची उंची: पन्नास.
पण रिकाम्या ट्रकचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं,
ओझं आलं की तोही दोन इंच खाली बसतो.
म्हणजे अठ्ठेचाळीस.
म्हणजे चार इंचांचं भांडण.

हिच खाली घे की, ती म्हणाली.
घेतली असती.
पण मग हौद्याचा कठडा आणि ट्रेलरचं पोट
यांच्यात दोनच इंच उरतात,
आणि रेल्वेचे रूळ ओलांडताना
एकाने दुसऱ्याला चावायला तेवढे पुरतात.
सहा हवेत. सहाच्या खाली मी हात लावत नाही.

ट्रक काही खाली यायचा नाही, लव्हिना.
ट्रेलरलाच उठावं लागेल.
अ‍ॅक्सल आज पाट्यांच्या वर आहेत, ते खाली घ्यायचे,
नव्या बैठका जोडायच्या. एका दिवसाचं काम.

ती काही बोलली नाही.
दाराच्या पायरीकडे बघत राहिली,
एक हात डाव्या गुडघ्यावर,
तीन वर्षांपूर्वी बदललेल्या.

मी पुठ्ठा टाकून पाठीवर आत सरकलो, टॉर्च दातात,
आणि किंगपिनच्या मागे, चॅनेलच्या आतल्या अंगाला
सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं.
एल्डनचंच अक्षर, बियाण्याच्या पावत्यांवरचं, उजवीकडे कललेलं:

उंच ट्रक घेतला तर पायरी १३.
ल.ला जमणार नाही.
जुनाच बरा. पायरी ९.

खाली तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.
मी मोठ्याने वाचलं.
वाचायला नको होतं की काय, अजून ठरत नाही माझं.

अकरा वर्षं गाव त्याला चिक्कू म्हणत होतं.
त्यात तिचाच आवाज सगळ्यात मोठा.
तारेने बांधलेला सायलेन्सर,
दारांवर गंजाचे नकाशे,
आणि तो म्हणायचा, चालतोय की अजून.

बराच वेळ वारा नुसता
मक्याची पानं ओट्यावरून ढकलत राहिला.
मग ती म्हणाली, उचल.
चार तर चार.
पायरी मात्र नवी कर, आणि रुंद कर,
मला बसता येईल एवढी.

दोन दिवस लागले. कबूल केला होता एक.
पहिली बैठक तिरकी लागली, कापून पुन्हा जोडली,
शेवटी मोजलं तर दोन सूत जास्त. चालतं तेवढं.
ट्रकमागे ट्रेलर सरळ उभा,
बुडबुडा रेषेच्या किंचित मागे.
नाक जरासं खाली असलेलं बरंच असतं.

गंज धरू नये म्हणून खालून काळा रंग मारला,
सगळीकडे.
त्या चॅनेलच्या आतल्या अंगाला वीतभर जागा सोडली.
तिथे गंज चढणार, तिला सांगितलंय मी.
चढू दे, म्हणाली,
आणि पैसे देताना पाचपाचच्या नोटा
अंगठ्याला थुंकी लावून दोनदा मोजल्या,
एल्डन मोजायचा तशा.